मुदतीची तारीख : बोरघाटापासून आळंदी नदीपर्यंत

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हटले जाते. लग्नाची तिथी ठरली की ती सहसा टळत नाही. बांधकामाची तिथी मात्र टळण्यासाठीच असते की काय, असा अनुभव घर बांधणाऱ्यास आणि त्याहून अधिक सार्वजनिक संस्थेस येतो. धर्मशाळा असो, पाठशाळा असो वा भोजनालयाचे सभागृह असो, निधी कमी पडला तर समाज झोळी भरतो. परंतु ठेकेदाराने लिहून दिलेली तारीख उलटून गेली तर ती भरून काढण्यास कोणतीही झोळी उपयोगी पडत नाही. बांधकामाच्या करारात ही तारीख कधी शिरली, तिला कायद्याचे बळ किती, आणि ती मोडल्याने कोणाचे काय गेले, याचा इतिहास आपल्याच परिसरातून जातो. त्याचे एक टोक इंदापूर तालुक्यातील डिकसळच्या रेल्वे स्थानकाशी आहे, तर दुसरे नाशिकजवळच्या एका लहानशा नदीवरील जलसेतूशी. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेतला आहे.

पूर्वी आपल्याकडे मोठ्या बांधकामास करारातील मुदत नसे, मुहूर्त असे. मंदिराचे काम पिढ्यान्‌पिढ्या चाले. पण प्रतिष्ठेचा दिवस एकदा निघाला की कारागीर, यजमान, गाव सारे त्या एका दिवसाला बांधले जात. मुंबईचे प्रसिद्ध व्यापारी मोतीशा शेठ यांनी शत्रुंजयावर दरी भरून काढून त्यावर टुंक उभारली. तिची प्रतिष्ठा होण्यापूर्वीच १८३६ मध्ये त्यांचे देहावसान झाले. तरीही प्रतिष्ठा झाली. त्यांचे चिरंजीव खीमचंद यांनी ती पार पाडली. येथे तारीख पाळली गेली ती दंडाच्या भयाने नव्हे. घरे, वाडे, विहिरी मात्र बहुधा उक्त्याने किंवा मक्त्याने दिल्या जात आणि त्यांत ‘पुढच्या पावसाळ्याच्या आत’ एवढीच बोली पुरेशी असे. पावसाळा हीच मुदत. ही साधी गोष्ट पुढे आलेल्या छापील करारांच्या लेखकांना पुष्कळदा उमगली नाही, हे या लेखाच्या उत्तरार्धात दिसून येईल.

तारखेचा, दंडाचा आणि छापील अटींचा करार महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर आला तो आगगाडीबरोबर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात १७ ऑगस्ट १८४९ रोजी करार झाला. त्यान्वये भागधारकांच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने घेतली. विलायतेतील भांडवलदारांना हे उत्तम वाटले यात नवल नाही. परंतु व्यापारी दृष्टीने पाहता या हमीत एक मोठी उणीव होती. रेल्वे वेळेवर पूर्ण होवो वा न होवो, व्याज मिळणारच. मग घाई कोणाला? घाई होती ती ज्याच्या गळ्यात करार पडला त्या ठेकेदाराला, कारण त्याचे पैसे कामावर अडकलेले असत.

मुंबई ते ठाणे हा पहिला मार्ग फॅव्हिएल व फाउलर या ठेकेदारांनी बांधला आणि तो १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला. खरी परीक्षा पुढे होती. पुणे, सोलापूर व त्यापलीकडचे दख्खन गाठावयाचे तर सह्याद्री चढणे भाग होते. मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले यांनी बोरघाटाचा मार्ग आखला. बर्कले यांच्या हिशेबाने पंधरा मैलांहून अधिक लांबीत १,८३१ फूट चढण, पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल असे त्याचे स्वरूप होते. मध्ये एके ठिकाणी गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकास जोडून, उलट दिशेने न्यावी लागे. हे काम विल्यम फॅव्हिएल यांस देण्यात आले आणि २४ जानेवारी १८५६ रोजी आरंभ झाला.

ठेकेदाराच्या कागदावर वर्ष बारा महिन्यांचे असते. बोरघाटात ते आठ महिन्यांचे निघाले. ज्येष्ठ लागला की मुसळधार पाऊस, धुके, कोसळणाऱ्या दरडी. मजूर आपापल्या गावी पेरणीस निघून जात. पाऊस संपल्यावर पुन्हा माणसे जमविण्यात काही आठवडे जात आणि उन्हाळ्यात पटकीची साथ येई. पाणी, झोपड्या व औषधपाणी यांची तुटपुंजी सोय असलेल्या त्या डोंगरात किती कष्टकरी प्राणास मुकले, याची कल्पनाच केलेली बरी. जानेवारी १८५९ मध्ये मजुरी हातात पूर्ण पडत नाही या कारणावरून मजुरांनी दंगा केला. मुख्य ठेकेदार पैसे देई, परंतु मधल्या पोटठेकेदारांच्या हातून ते खालपर्यंत पोहोचत नसत, अशी ती व्यथा होती. पुढल्याच वर्षी, म्हणजे १८६० मध्ये, रेल्वे व इतर सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे लवकर मिटविण्यासाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला. तारखेच्या मागे धावणाऱ्या कामात सर्वांत खालच्या माणसाचा दाम सर्वांत शेवटी निघतो, हे तेव्हाही खरे होते.

मार्च १८५९ मध्ये फॅव्हिएल यांनी ठेका सोडून दिला. काही काळ कंपनीच्या अभियंत्यांनीच काम चालविले. त्यानंतर सॉलोमन ट्रेडवेल या अनुभवी ठेकेदाराने ते घेतले, आणि त्याच वर्षी हिंदुस्थानात येऊन अल्पावधीतच ते आजारी पडून निवर्तले. आता काय व्हावे? कराराच्या भाषेत सांगावयाचे तर पक्षकारच उरला नव्हता. परंतु त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी माघार घेतली नाही. अॅडमसन व क्लाउसर या अनुभवी व्यवस्थापकांच्या हाती प्रत्यक्ष काम सोपवून त्यांनी पतीचा ठेका स्वतःच्या जबाबदारीवर पुढे चालविला. परका देश, वैधव्य, अंगावर घेतलेले प्रचंड काम आणि १८६१ मध्ये ४२,००० पर्यंत गेलेली मजुरांची संख्या! मोतीशा शेठ यांच्या घरी पुत्राने जे केले ते येथे पत्नीने केले, एवढेच म्हणता येईल.

या विलंबाचा आपल्या भागाशी संबंध कसा, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येईल. घाटाच्या वरच्या बाजूचे सपाटीवरील काम झपाट्याने झाले होते. खंडाळा ते पुणे हा मार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला गाडी पुण्याहून चौसष्ट मैलांवरील डिकसळपर्यंत आली. १८५९ मध्ये ती बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीस, पोहोचली आणि १८६० मध्ये सोलापूरला. म्हणजे भीमेच्या काठी रूळ होते, इंजिन होते, मालाचे डबे होते. मुंबईच्या बाजूसही खोपोलीपर्यंत रूळ होते. मधला घाट तेवढा नव्हता. उतारूंना पालखीतून अथवा तट्टावरून घाट ओलांडावा लागे. मालाची गत याहून बिकट. मुंबईहून निघालेली कापडाची गाठ खोपोलीस उतरायची, बैलगाडीवर चढायची, खंडाळ्यास पुन्हा उतरून डब्यात जायची. प्रत्येक चढउतारात हमाली, प्रत्येक मुक्कामास राखण, आणि पावसाळ्यात ओल लागून गाठीतील वरचे तागे डागाळण्याची धास्ती. कापडाच्या धंद्यातील माणसास या एका वाक्यातच त्या चार-पाच वर्षांचा सारा हिशेब कळेल.

त्यातच १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. विलायतेतील गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. दख्खनचा कापूस बंदरावर नेण्याची घाई झाली, तेव्हाही घाट अपुराच होता. अखेर २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले. आरंभापासून सव्वासात वर्षे लागली. खर्च सुमारे अकरा लक्ष पौंडांवर गेला. ज्यांनी मार्ग आखला ते बर्कले हे पाहण्यास उरले नव्हते. ऑगस्ट १८६२ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा अंत झाला होता.

गोष्ट येथे संपली नाही. १९ जुलै १८६७ रोजी, ऐन पावसाळ्यात, घाटातील महूकी मल्ली नावाचा आठ कमानींचा दगडी पूल कोसळला. चौकशीत बांधकामाचा हलकेपणा पुढे आला आणि इतरही अनेक कामे पुन्हा करावी लागली. वेळेवर काम आणि चांगले काम या दोन वस्तू एकाच किमतीत मिळत नाहीत. त्यांतली एक ओढून घेतली की दुसरी हातची निसटते, हे त्या पुलाने दाखविले. मुदतीचा इतिहास लिहिणारे बहुधा उशिराचीच नोंद घेतात. घाईची नोंद दगडांच्या ढिगाऱ्यात राहते.

घाट सुरू झाला तेव्हा हिंदुस्थानात कराराचा एकसंध कायदा नव्हता. तो १ सप्टेंबर १८७२ पासून अंमलात आला. भारतीय करार कायदा या नावाने तो आजही चालू आहे आणि त्यातील कलम ५५ हे मुदतीविषयीचे मुख्य कलम होय. त्याचा आशय सोपा आहे. ठरल्या वेळी काम झाले नाही आणि वेळ हा कराराचा ‘प्राण’ असावा असा उभयतांचा हेतू असेल, तर समोरच्यास करार रद्द करता येतो. वेळ हा प्राण नसेल तर करार रद्द करता येत नाही. उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई तेवढी मागता येते. आणि तिसरी, बहुतेकांच्या ध्यानात न राहणारी गोष्ट अशी की, वेळ हा प्राण असूनही मुदतीनंतरचे काम आपण मुकाट्याने स्वीकारले, तर उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. स्वीकारतानाच तशी सूचना द्यावी लागते. कलम ६३ अन्वये मुदत वाढवून देता येते. कलम ७४ दंडाविषयी आहे. करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी तो सबंध मिळेलच असे नाही. तो आकडा ही वरची मर्यादा मानून न्यायालय वाजवी तेवढी भरपाई देते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या प्रकरणात हे तत्त्व स्पष्ट केले.

वेळ हा प्राण केव्हा व केव्हा नाही, हे व्यापाऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही. दिवाळीसाठी मागविलेला माल भाऊबीजेनंतर दुकानी आला तर तो उशिरा आलेला माल नसतो, दुसराच माल असतो. लग्नसराईचे शालू आषाढात घेऊन कोणी काय करावे? म्हणूनच मालाच्या खरेदी-विक्रीच्या व्यापारी करारांत वेळ हा सामान्यतः प्राण मानला जातो. १९६१ मध्ये चायना कॉटन एक्स्पोर्टर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले. बांधकामाचे तसे नाही. अर्धा बांधलेला पूल परत करता येत नाही, दुसऱ्या दुकानातून घेता येत नाही. मालकाच्या जमिनीवर ठेकेदाराचे श्रम व सामान आधीच मिसळून गेलेले असतात. म्हणून न्यायालये बांधकामाच्या बाबतीत वेळेस सहसा प्राण मानीत नाहीत, जरी करारात तसे छापलेले असले तरीही.

याच्याही मागे एक जुने सूत्र आहे. इंग्लंडमध्ये १८३८ साली होम विरुद्ध गपी असा एक दावा झाला. मद्य गाळण्याच्या कारखान्याचे सुतारकाम साडेचार महिन्यांत पुरे करावयाचे, न केल्यास दर आठवड्यास ४० पौंड कापावयाचे, असा करार होता. (जैन वाचकांनी मद्याचा भाग सोडून न्यायाचा तेवढा घ्यावा.) काम उशिरा झाले खरे, पण सुतारांना जागाच चार आठवडे उशिरा मिळाली होती. मालकानेच अडथळा केला असेल तर जुनी तारीख उरत नाही आणि दंडही उरत नाही, असा निर्णय झाला. आपल्याकडील कित्येक संस्थांनी नकाशा मंजूर होण्यापूर्वीच मुदत लिहून घेतली आणि पुढे ठेकेदारास दोष दिला, त्यांनी हे प्रकरण अवश्य ध्यानी घ्यावे.

सगळ्याच कामांना मुदत असावी असेही नाही. १८७६ च्या दुष्काळात नीरा कालव्याचे काम सुरू झाले. पुरंदर, बारामती व इंदापूर तालुक्यांस ज्या पाण्याने पुढे नवे रूप दिले, त्या नीरा डाव्या कालव्याची पहिली माती उपाशी हातांनी उचलली. अशा कामावर सरकारचा पहिला हेतू काम संपविणे हा नव्हे, तर माणसे जगविणे हा असतो. काम लवकर संपले तर उद्या हातांना काय द्यावयाचे, अशीच चिंता असे. कऱ्हा-नीरेच्या परिसरातील शेतकऱ्यास आज कालव्याची लांबी माहीत असते, वितरिका माहीत असतात. त्याच्या मातीकामामागचा हा वेगळा हिशेब फारसा कोणी सांगत नाही. भाटघरचे आजचे लॉइड धरण, ज्यावर हा कालवा विसंबून आहे, ते १९२८ मध्ये पूर्ण झाले.

याच काळात बांधकामाच्या ठेकेदारीत एक जैन नाव पुढे आले, आणि ते आपल्या परिसराला परके नाही. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबातील, समाजसुधारक शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांचे पुत्र वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी झाला. घरचा व्यापार सोडून १९०३ च्या सुमारास त्यांनी लक्ष्मणराव बळवंत फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाशी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला. तेव्हा मोठी कामे युरोपियन कंपन्यांकडे जात आणि देशी माणूस हा पोटठेकेदार म्हणूनच शोभतो, अशी समजूत होती. फाटकांना रेल्वेच्या कचेरीचे कागद ठाऊक होते, वालचंदांना भांडवल व माणसे. ठेकेदारीस लागणारी दोन्ही अंगे अशी एकत्र आली.

पुढे टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीच्या द्वारे वालचंदांनी जी कामे केली त्यांत तानसा तलावाचे पाणी मुंबईस आणणाऱ्या मोठ्या नळांचे काम आणि बोरघाटातील नव्या बोगद्यांचे काम होते. ज्या घाटात एका ठेकेदाराने हात टेकले, दुसऱ्याने प्राण सोडले, त्याच घाटात साठ-पासष्ट वर्षांनी सोलापूरचा हा जैन गृहस्थ बोगदे खोदू लागला! इंजिन उलटे जोडण्याचे ते जुने स्थानक १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे अनावश्यक झाले. त्याच वर्षी पुण्यापर्यंत विजेची गाडी आली आणि १ जून १९३० रोजी दख्खनची राणी धावू लागली. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना झाली होती. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी इंदापूर तालुक्यातील कळंब येथे माळरानावर साखर कारखाना व वसाहत उभी केली, तीच वालचंदनगर. ठेकेदारीतून कारखानदारीकडे जाण्याचे कारण व्यापाऱ्याला सहज कळते. ठेक्यात नफा असतो तो दराच्या आकड्यात नव्हे, मुदतीत असतो. काम सहा महिने लांबले की उसनवारीचे व्याज, यंत्रांचे भाडे व मुकादमांचे पगार मिळून तो नफा खाऊन टाकतात.

स्वातंत्र्यानंतर धरणे, कालवे व रस्ते यांची कामे मोठ्या संख्येने निघाली आणि बांधकाम खात्याचा छापील करारनामा घराघरांतील ठेकेदारांच्या परिचयाचा झाला. त्यात अनामत रक्कम असे, दर दिवसाच्या उशिरास कपात असे, पाव मुदतीत पाव काम आणि अर्ध्या मुदतीत अर्धे काम अशी चढती अट असे, आणि अडचण आल्यास ठरावीक दिवसांत लेखी अर्ज केल्यास मुदतवाढीची तरतूदही असे. ‘वेळ काटेकोरपणे पाळावी’ हे वाक्य ठळकपणे असे. हा करारनामा खरोखर काय म्हणतो, याचा निर्णय एका छोट्या कामामुळे झाला.

नाशिक डाव्या कालव्याच्या दुसऱ्या मैलावर आळंदी नदी आडवी येते. (ज्ञानेश्वर माउलींची आळंदी ती ही नव्हे.) तिच्यावरून कालव्याचे पाणी नेण्यासाठी जलसेतू बांधावयाचा होता. हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स या नावाने व्यवसाय करणाऱ्या एका जैन ठेकेदाराची निविदा मंजूर झाली. नावात साम्य असले तरी ही वालचंदांची कंपनी नव्हे. एकाच मालकाची ही पेढी होती. कामाची किंमत १,०७,००० रुपये. जुलै १९५५ च्या प्रारंभी काम सुरू करण्याचा आदेश निघाला. मुदत बारा महिने.

जुलैचा प्रारंभ! कालव्याच्या कचेरीत बसून ही तारीख कोणी घातली असेल ते असो. नदीच्या पात्रात पाया खणण्याचे काम आषाढात सुरू करण्यास सांगणे म्हणजे पेरणीच्या वेळी खळे मागण्यासारखे होते. बारा महिन्यांतून पहिल्या पावसाचे तीन व पुढल्या पावसाचा एक वजा केला तर हाती आठच महिने राहतात. बोरघाटाचाच हिशेब येथे पुन्हा आला. अतिवृष्टी, कामाच्या जागेपर्यंत धड रस्ता नसणे आणि अधिकाऱ्यांनी विनाकारण सामान नाकारणे, अशा अडचणी ठेकेदाराने मांडल्या आणि मुदतवाढ मागितली. ती मिळाली नाही. ऑगस्ट १९५६ मध्ये खात्याने करार रद्द केला आणि अनामत जप्त केली. मुदत संपून जेमतेम दोन महिने झाले होते.

लाखभर रुपयांच्या कामाचा ठेकेदार म्हणजे लहान माणूस. अनामत गेली, झालेल्या कामाचे पैसे अडकले आणि बाजारात पत गेली ती वेगळीच. एकदा ‘काम सोडलेला’ असा शिक्का बसला की पुढच्या निविदेच्या वेळी तो आपोआप वाचला जातो. त्यांनी दावा लावला. सरकारचे म्हणणे एवढेच होते की वेळ हा कराराचा प्राण होता, असे करारातच लिहिले आहे. मुंबई उच्च न्यायालयात निर्णय ठेकेदाराच्या विरुद्ध गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. तेथे ते उभे राहिले तेव्हा त्या पेढीचे मालक हयात नव्हते. त्यांच्या वारसांनी लढा चालविला.

१७ जानेवारी १९७९ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती व्ही. डी. तुळजापूरकर यांनी तो लिहिला. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा. करारात वेळ काटेकोर पाळावी असे शब्द असले तरी ते एकटे वाचता येत नाहीत. त्याच करारात उशिरास दर दिवशी किती कपात करावयाची ते लिहिले आहे आणि अडचण असल्यास मुदत वाढविण्याचीही सोय आहे. जो करार उशीर गृहीत धरून त्याची किंमत ठरवितो आणि मुदतवाढीचे दार उघडे ठेवतो, त्यात वेळ हा प्राण कसा असू शकेल? प्राण नसेल, तर खात्याने प्रथम लेखी सूचना देऊन वाजवी अशी नवी मुदत ठरवावयास हवी होती; ती तशी न ठरविता करार रद्द करणे बेकायदेशीर होते. सरकारची बाजू अमान्य झाली.

बारा महिन्यांच्या कामाचा तंटा साडेबावीस वर्षे चालला. विलंबाबद्दल ठेकेदारास शिक्षा करणारी सरकारी यंत्रणा आणि न्याय देणारी यंत्रणा या दोहोंनी स्वतः किती मुदत घेतली, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. तरी त्या निकालाचे महत्त्व कमी होत नाही. मुदतवाढीच्या वादात वकील आजही या प्रकरणाचा आधार घेतात, आणि देशातील शेकडो लहान ठेकेदारांना नाशिकच्या त्या अपुऱ्या राहिलेल्या जलसेतूने संरक्षण दिले आहे.

याचा अर्थ ठेकेदाराने हवा तेवढा उशीर करावा असा नव्हे. विलंबाने प्रत्यक्ष किती नुकसान झाले हे मोजणे अवघड असेल, आणि दोघांनी आधीच विचारपूर्वक वाजवी आकडा ठरविला असेल, तर तो मालकास मिळू शकतो, असे २००३ मध्ये ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. २०१५ मध्ये कैलाशनाथ यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने पुन्हा बजावले की मुळात नुकसानच झाले नसेल तर अनामत गिळता येणार नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचले म्हणजे तोल कळतो. धर्मादाय संस्थेच्या बाबतीत हे अधिक नाजूक होते, कारण सभागृह सहा महिने उशिरा मिळाले तर समाजाचे नुकसान होते खरे, पण ते रुपयांत कसे दाखवावयाचे? म्हणून अनुभवी विश्वस्त करार करतानाच दर आठवड्याचा माफक, पटण्याजोगा आकडा घालतात. ठेकेदारास घाबरविण्यासाठी घातलेला प्रचंड आकडा न्यायालयात बहुधा कामास येत नाही. मुदतवाढ दिली तर ती पत्राने द्यावी, आणि उशिराचे काम ताब्यात घेताना भरपाईचा हक्क राखून ठेवल्याचे लिहावे, हेही त्यांना ठाऊक असते. तोंडी सलोख्यावर चालणाऱ्या आपल्या समाजात असे पत्र लिहिणे अनेकांना अपमानास्पद वाटते, आणि मग तंटा उभा राहतो.

घर विकत घेणाऱ्यांचे दुःख मात्र निराळे. ते मालक नसतात, ठेकेदारही नसतात. पैसे मोजून ताब्याची वाट पाहणारे असतात. महाराष्ट्रात १९६३ च्या सदनिका मालकी कायद्याने करारनाम्यात ताब्याची तारीख लिहिणे बंधनकारक केले होते. तरीही बांधकाम व्यावसायिकाने पुढची तारीख द्यावी आणि ग्राहकाने भाड्याच्या घरात आणखी एक पावसाळा काढावा, हे मुंबई-पुण्यात वर्षानुवर्षे चालले. पोराला नोकरीनिमित्त पुण्यास पाठवून त्याच्यासाठी सदनिका नोंदविलेल्या बारामती-इंदापूरकडील कुटुंबांनाही याची झळ लागली. बँकेचा हप्ता आणि घरभाडे एकाच महिन्यात भरणे म्हणजे काय, हे त्यांना विचारावे.

२०१६ मध्ये संसदेने स्थावर संपदा कायदा केला आणि १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेरा प्राधिकरणाचे काम पूर्णपणे सुरू झाले. प्रकल्पाची नोंदणी करताना पूर्णत्वाची तारीख जाहीर करावी लागते. ती टळली तर कलम १८ अन्वये ग्राहकाला पैसे व्याजासह परत मागता येतात किंवा घर हवेच असेल तर ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घेता येते. २०२० मध्ये करोनाची साथ आली, मजूर गावी निघून गेले, तेव्हा महारेराने प्रकल्पांना सरसकट मुदतवाढ दिली; बोरघाटातील मजूर पेरणीस निघून जात त्याची आठवण व्हावी असाच तो काळ होता.

या कायद्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. व्यावसायिकांचे म्हणणे होते की नोंदणी करताना नवी तारीख देण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे, तर मग जुन्या तारखेचे ओझे आमच्या डोक्यावर का? नीलकमल रिअल्टर्सच्या प्रकरणात ६ डिसेंबर २०१७ रोजी निकाल देताना न्यायालयाने कायदा वैध ठरविला. नोंदणीच्या वेळी दिलेली नवी तारीख प्रकल्प पुरा करण्यासाठी आहे. ग्राहकाशी केलेल्या करारनाम्यात ताब्याची जी पहिली तारीख लिहिली आहे, ती त्यामुळे पुसली जात नाही आणि विलंबाचे व्याज तेव्हापासूनच मोजले जाते.